पूर्वेच्या गॅलरीचं छप्पर

"इथं जाळ करायचा नाही," घोरपडे म्हणाले.

तातोबा वायदंडे उकिडवे बसले होते. पुढ्यात सिमेंटच्या पोत्यांचे कागद पेटवून त्यांनी लहानसा जाळ केला होता आणि त्यावर हलगी धरून ते ती सावकाश फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"शेकल्याबिगर कातडं बोलत न्हाई, सायब. सकाळच्या गारठ्यानं ढिलं पडतंय."

"अहो, कोरं काँक्रीट आहे. डाग पडेल. रविवारी उद्घाटन आहे."

"मग खाली हिरवळीवर जाऊन शेकतो."

"हिरवळीवर तर अजिबात नाही."

"दोन मिनिटं राहू द्या," मी म्हणाले. "डाग मी पुसून घेते."

घोरपडेंनी माझ्याकडे पाहिलं आणि ते बाजूला झाले. बांधकाम कंपनीचे इथले मुख्य ते. मी आराखडा करणाऱ्या पुण्याच्या फर्मची इंजिनीअर. स्टेडियमचं लोखंड आणि काँक्रीट किती भार पेलेल, त्याचं गणित माझं होतं. फेब्रुवारीतली सकाळ होती, साडेसात वाजले होते. कोल्हापूरच्या बाहेर उभ्या राहिलेल्या नव्या फुटबॉल स्टेडियमच्या पूर्वेच्या गॅलरीत, वरच्या मजल्यावर, आम्ही होतो. आमच्यामागे दोनशे चाळीस माणसं खुर्च्यांवर बसून पोह्यांची वाट बघत होती. त्यांना उड्या मारण्यासाठी बोलावलं होतं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

गॅलरीचा वरचा मजला अकरा मीटर पुढे अधांतरी आलेला आहे, खाली खांब नाही. माणसं नुसती बसली तर कितीही बसू देत, काही होत नाही. पण कोल्हापुरात सामना बघायला कोणी नुसतं बसत नाही. हलगी वाजते आणि हजारभर माणसं एका ठेक्यात नाचतात. तो ठेका गॅलरीच्या स्वतःच्या हेलकाव्याशी जुळला, तर हेलकावा वाढत जातो. तसं होणार नाही, हे मी कागदावर सिद्ध केलं होतं. आता ते माणसं घालून बघायचं होतं. खुर्च्यांखाली सहा ठिकाणी कंपन मोजणारी यंत्रं चिकटवली होती आणि त्यांच्या वायरी माझ्या लॅपटॉपला जोडल्या होत्या.

माणसं फुटबॉलचे संघ असलेल्या दोन तालमींची होती. एकीचा रंग तांबडा, दुसरीचा पिवळा. खुर्च्यांचा रंग कोणता, यावरून या दोन तालमींनी आमचे चार महिने घेतले होते. पिवळ्या खुर्चीवर तांबडी तालीम बसणार नाही, आणि उलट. शेवटी सगळ्या खुर्च्या राखाडी झाल्या. पण खांब नकोत, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. गावातलं जुनं मैदान दगडी पायऱ्यांचं, संस्थानच्या काळातलं. पुढे त्याच्या एका बाजूला पत्र्याचं छप्पर चढवलं गेलं आणि त्यासाठी पायऱ्यांतून लोखंडी खांब उभे केले. पहिल्या बैठकीत एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले होते, "बाई, मी चाळीस वर्षं खांबामागं बसलोय. निम्मे गोल मी ऐकून बघितल्यात."

म्हणून मी खांब काढले. प्रत्येक माणसाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून नऊ सेंटिमीटर वरून गेली पाहिजे, असं धरून पायऱ्यांचा चढ ठरवला. वर छप्पर घेतलं ते सव्वीस लोखंडी कैच्यांचं, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या जाळीदार तुळयांचं. मागे काँक्रीटच्या पायात घट्ट रोवलेल्या आणि पुढे एकतीस मीटर मोकळ्या सुटलेल्या. एवढ्या लांबीचं बिनखांबी छप्पर मी त्याआधी कधी केलं नव्हतं. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. लोक हसून म्हणायचे, मॅडम, वर्षाला एक मीटर.

घोरपडे पुन्हा जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "हा त्या वायदंडेचा बाप आहे. तालमीला हलगीवाला पाठवा म्हटलं, तर त्यांनी नेमका हा पाठवला. मला आत्ता कळलं. दुसरा बोलावू?"

"राहू द्या," मी म्हणाले.

तातोबांचा मुलगा अंकुश आमच्याकडे फिटर होता. चोवीस वर्षांचा. डिसेंबरमध्ये याच गॅलरीच्या छपरावरून तो पडला. चौकशी समिती बसली. तिनं तीन आठवड्यांत अहवाल दिला, की कामगारानं सुरक्षा पट्ट्याचा हूक स्वतः सोडला होता. त्यानंतर काम पुन्हा सुरू झालं.

डिसेंबरपासून माझं एक विचित्र झालं होतं. मी रडत नव्हते, झोप लागत होती, कामात चूक होत नव्हती. फक्त काही पोहोचत नव्हतं. एकदा संध्याकाळी बूट काढला तेव्हा आत खडा निघाला आणि मोजा रक्तानं चिकटला होता. सकाळपासून मी त्या पायावर चालत होते. आईनं फोनवर विचारलं, "केतकी, जेवलीस का?" तर मला आठवून सांगावं लागायचं. फर्मनं पंधरा दिवस रजा घे म्हटलं. मी नको म्हणाले. घरी बसून तरी काय करणार होते.

पोहे झाले. माणसं ओळीनं उभी राहिली. तातोबा हलगी गळ्यात अडकवून माझ्यापाशी आले. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, डोक्याला धुवट पटका.

"कसं वाजवू, म्याडम?"

"मिनिटाला नव्वद ठोक्यांनी सुरुवात. मग एकशेवीस. मग एकशेचाळीस."

"आकडं नगासा सांगू. हातानं दावा."

मी एका कानात लॅपटॉपचा ठोका ऐकत टाळ्या वाजवल्या. चार टाळ्या त्यांनी ऐकल्या आणि पाचवीला हलगी सुरू केली. मी पडद्यावर पाहिलं. नव्वद पूर्णांक दोन. मिनिटभरात तो आकडा हलला नाही.

पहिल्या फेरीत माणसं हसत होती. एकशेवीसला हसणं थांबलं, कारण आता सगळ्यांचे पाय खरोखर एकदम पडू लागले होते. खुर्च्यांखालच्या पाण्याच्या बाटल्या खडखडल्या. पुढच्या रांगेतला एकजण ओरडला, "हलतंय की रं!" आणि तरी उडतच राहिला. घोरपडेंनी कठड्याला हात धरला. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. पडद्यावरची रेष वर चढताना मला दिसत होती. पायाला काही कळत नव्हतं.

एकशेचाळीसच्या फेरीत रेष मर्यादेच्या निम्म्यापर्यंत गेली आणि तिथंच राहिली. मी हात वर केला. हलगी थांबली.

"पास?" घोरपडेंनी विचारलं.

"पास."

"वा," ते म्हणाले आणि मोठ्यानं टाळ्या वाजवू लागले. मग माणसांनीही टाळ्या वाजवल्या. तांबड्यांनी आपली एक घोषणा दिली, पिवळ्यांनी त्यांची. घोरपडे सगळ्यांना चहासाठी खाली घेऊन गेले. मी वायरी गुंडाळायला वर राहिले.

तातोबा गेले नव्हते. वाजवत असताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नव्हतं. आता ते हलगी बाजूला ठेवून छपराच्या कडेकडे बघत होते.

"कितवी?" त्यांनी विचारलं.

मला कळलं. "डावीकडून सतरावी."

त्यांनी हातातल्या काडीनं एकेक करत मोजलं. सतराव्या कैचीवर काडी थांबली. बराच वेळ थांबली. मग त्यांनी ती खाली घेतली.

"म्याडम, एक इचारू?"

"विचारा."

"पोरानं पट्टा सोडला व्हता का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. बसची वेळ विचारावी तसं त्यांनी विचारलं.

"कागदात तसंच लिवलंय," ते म्हणाले. "तालमीतल्या मास्तरांनी वाचून दावला मला. पर आमचं पोरगं घरावर कौलं सारखी कराय चढलं, तरी कमरंला दोरी बांधायचं. आई हसायची त्येला. म्हनायची, दहा फुटावनं पडून मरतोस व्हय. आन तिथं, एवढ्या वर, कसा सोडंल त्यो?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. चौकशी समितीनं तसा निष्कर्ष काढला आहे. हे वाक्य मी फर्ममध्ये म्हटलं होतं, आईला म्हटलं होतं, एका वार्ताहराला म्हटलं होतं. ते खोटं वाक्य नव्हतं. समितीनं तसा निष्कर्ष काढलाच होता.

"नाही," मी म्हणाले. "पट्टा त्याच्या कमरेला होता. हूकही होता. हूक अडकवायला तार नव्हती."

"तार?"

मी त्यांना छपराची पुढची कड दाखवली. काम चालू असताना त्या कडेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाड पोलादी तार ताणलेली असायची. वर चढणारा माणूस तिच्यात हूक अडकवायचा आणि कडेनं कुठंही फिरायचा.

"ती दोन दिवस काढली होती," मी म्हणाले. "मी काढायला सांगितली होती."

मी पुढे सांगत गेले. आवाज माझाच होता, पण कोणी शेजारून बोलतंय असं वाटत होतं.

कैच्या उभ्या केल्या तेव्हा त्यांच्या पुढच्या टोकांखाली टेकू होते. टेकू काढले की टोकं थोडी खाली येणार. किती येणार, ते मी आधीच गणितानं काढलं होतं: चौऱ्याऐंशी मिलिमीटर. प्रत्येक टोक तेवढंच उतरलं, तर गणित बरोबर. पण तार सगळ्या टोकांना एकमेकांशी बांधून ठेवत होती. बांधलेल्या टोकांचं माप मला नको होतं. मला प्रत्येक कैची मोकळी हवी होती. सोमवारी सकाळी मी घोरपडेंना सांगितलं, की मापं होईपर्यंत तार काढा. त्यांनी काढली. वरचं काम मात्र थांबवलं नाही, कारण कडेच्या पन्हळीचे बोल्ट राहिले होते. आणि काम थांबवा, असं मी म्हणाले नव्हते.

मंगळवारी पावणेबाराला मी खाली मैदानात उभी होते. दुर्बिणीत सतराव्या कैचीचं टोक होतं. त्याच्याशेजारी एक बूट आला. मग बूट नव्हता. मी वहीत आकडा लिहिला, त्र्याऐंशी. मग आवाज आला.

एक वाजेपर्यंत तार पुन्हा वर लागली होती. समिती आली ती गुरुवारी. तिनं तार पाहिली, तिची छायाचित्रं काढली. अंकुशबरोबर वर असलेली दहा माणसं झारखंडची होती. बुधवारीच त्यांना सुरतेच्या कामावर पाठवून दिलं होतं. समितीनं मला एकच विचारलं: कुठलं लोखंड निसटलं किंवा वाकलं का? मी म्हणाले, नाही. तारेबद्दल मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

"नंतर मी हिशेब केला," मी तातोबांना म्हणाले. "तार ठेवली असती, तर मापात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला असता. तेवढा माझ्या दुर्बिणीला दिसलाही नसता."

त्यांना अर्धा मिलिमीटर म्हणजे किती हे कळलं असेल की नाही, ठाऊक नाही. त्यांनी पटका काढला आणि पुन्हा बांधला. मला वाटलं, आता हे मला मारतील. मी तशीच उभी राहिले. मारलं असतं तर बरं झालं असतं असंही काही वाटत नव्हतं.

"आता घरी येशीला?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्या?"

"माझ्या. ह्ये त्येच्या आईला सांगाय."

मी उरलेली एक वायर गुंडाळायला घेतली.

"ती त्येचं नाव घेत न्हाई," तातोबा म्हणाले. "फोटू मोठा करून आणला, तर भित्तीला लावू देईना. म्हनती, सोताच्या हातानं हूक सोडून गेला, माझा इचार केला न्हाई, मी का त्येच्यासाठी रडू. अडीच म्हैनं झालं. रडली न्हाई ती. मेलेल्यावर राग धरून माणूस जगतंय व्हय?"

"तुम्ही सांगा ना तिला. आत्ता मी सांगितलं तेच."

"माझं कशाला ऐकंल? म्हनंल, मन राखाय सांगतोय म्हातारा. तुमी कागद करणाऱ्या बाई हाय. तुमीच सांगा."

मी लॅपटॉप बंद केला. खाली घोरपडे चहाचा कप हातात घेऊन कोणाला तरी प्रवेशद्वारांचा हिशेब सांगत होते, की अठरा हजार माणसं आठ मिनिटांत बाहेर पडतील. मी त्यांना म्हणाले, "जीप घेऊन जाते." त्यांनी माझ्यामागे तातोबांना पाहिलं.

"कुठं?"

"यांच्या घरी."

ते कप तसाच धरून उभे राहिले. मग माझ्याबरोबर जीपपर्यंत चालत आले. "पारसनीस मॅडम," ते म्हणाले, "तुम्हाला बरं नाही. तुम्ही आराम करा. रविवार होऊ द्या."

"तार काढली होती हे मी यांना सांगितलंय."

त्यांनी तातोबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. "तुमचंच नाव येईल," ते हळू म्हणाले. "तोंडी का होईना, सांगणं तुमचं होतं."

"हो," मी म्हणाले.

पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण मला ज्या गोष्टीपर्यंत जायचंय तिचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. दुसऱ्या दिवशी मी समितीला पत्र लिहिलं. स्टेडियमचं उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. चौकशी पुन्हा उघडली आणि वर्षभर चालली. सुरतेहून दोघांना बोलावलं, त्यांनीही तेच सांगितलं. नव्या अहवालात, कामगाराची चूक नव्हती, असं एक वाक्य आलं. घोरपडेंची नोकरी गेली. फर्मनं मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी दिला. पाच वर्षं मला कुठल्याही आराखड्यावर सही करता आली नाही. आता मी साताऱ्यात एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. त्या छपराचं छायाचित्र अभ्यासक्रमाच्या एका पुस्तकात आहे, बिनखांबी छपराचं उदाहरण म्हणून. मुलं विचारतात, मॅडम, यात टोक किती खाली येतं? मी सांगते, चौऱ्याऐंशी.

तर, आम्ही निघालो. तातोबा पुढे माझ्या शेजारी बसले, हलगी मांडीवर. रस्ता सांगण्यापुरतं बोलले. डावीकडं. ह्या वडापासनं आत. इथं थांबवा, पुढं गाडी जात न्हाई.

वस्तीतली गल्ली अरुंद होती. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीवर पत्रा, मागच्या खोलीवर कौलं. दारातच शिंदीच्या फोकांचा ढीग पडला होता आणि सोनाबाई केरसुण्या बांधत बसल्या होत्या. काळ्यासावळ्या, नवऱ्यापेक्षा उंच. त्यांनी माझे बूट पाहिले, मग मला पाहिलं.

"ह्या कामावरच्या म्याडम," तातोबा म्हणाले. "अंकुश व्हता तिथल्या."

"बसा," सोनाबाई म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नाहीत. "काय लिवून घ्यायचं राहिलंय का?"

"नाही. मला तुम्हाला काही सांगायचंय."

तातोबांनी आतून पोतं आणून अंथरलं. मी भिंतीला टेकून बसले. मघाशी जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, थोडं सोपं करून. तार काय असते. ती कोणी काढली. का काढली. परत कधी लावली. सोनाबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. एक केरसुणी बांधून झाली, ती बाजूला ठेवून त्यांनी दुसरीचे फोक हातात घेतले आणि मग ते तसेच धरून ठेवले.

"मंजी हूक सोडला न्हाई त्यानं?"

"नाही. अडकवायला काही नव्हतंच."

"कागदात खोटं हाय?"

"खोटं आहे."

"दोन दिस तार न्हवती."

"हो."

"आन समदी तशीच वर चढली?"

"अकरा जण."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं त्यांचा राग आता माझ्याकडे वळेल. मी त्याची वाटही बघत होते बहुतेक. पण त्यांचा चेहरा अजून तसाच आवळलेला होता, आणि त्या पुढे जे बोलल्या ते मला अपेक्षित नव्हतं.

"मग त्याला दिसलं न्हाई व्हय, तार न्हाई त्ये? एवढा दोरीवाला. डोळं फुटलं व्हतं? कुनाला इचारायचं. खाली उतरायचं. मुक्यागत चढला आन मेला."

"अगं," तातोबा म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा. तार न्हाई तर चढायचं न्हाई. एवढं बी कळंना त्याला?"

मी खाली बघत होते. जमीन शेणानं सारवलेली होती, नुकतीच. त्यावर बोटांचे अर्धगोल उमटलेले होते.

एक गोष्ट मी तातोबांना सांगितली नव्हती. पुढे समितीला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या खर्ड्यातही ती नव्हती. तारेचं मी सांगून टाकलं, कारण ती चूक म्हणता येत होती. अति काटेकोरपणा, घाई, दुसऱ्यानं काम थांबवलं नाही, असं त्या चुकीभोवती काही ना काही होतं. या दुसऱ्या गोष्टीभोवती काही नव्हतं. ती मला कोणालाच सांगायची नव्हती, आणि मला वाटतं, डिसेंबरपासून माझ्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं ते तिच्यामुळेच. तिला आत कोंडून ठेवायचं तर दार बंद ठेवावं लागतं, आणि बंद दारातून दुसरंही काही आत येत नाही.

"त्यानं विचारलं होतं," मी म्हणाले.

सोनाबाई माझ्याकडे वळल्या.

"सोमवारी संध्याकाळी. काम सुटल्यावर सगळे गेले, तो थांबला. मी मैदानात दुर्बीण आवरत होते. तो आला आणि म्हणाला, म्याडम, तार काढलीय, आता हूक कशात अडकवायचा? मी त्याला म्हणाले, दोन दिवसांचा प्रश्न आहे, जरा जपून करा. तो म्हणाला, एक दोरी तरी बांधून द्या कैचीच्या मागच्या टोकाला. मी म्हणाले, उद्या बघू."

"दोरी मागितली?"

"हो."

"त्यानं सोता?"

"स्वतः. बाकीच्यांपैकी कोणी आलं नव्हतं. तो एकटा आला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी विसरले. मुद्दाम नाही. मापं चांगली येत होती. मी विसरले."

मागच्या खोलीत कुठंतरी कोंबडी फडफडली. तातोबांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्याकडे बघायचं मला धैर्य झालं नाही. हे सगळं सांगून झाल्यावर मला मोकळं वाटलं, असं झालं नाही. काहीच झालं नाही. फक्त खूप लांब चालून आल्यासारखे पाय जड झाले, आणि पायांचं काहीतरी कळलं हे पुष्कळ दिवसांनी होत होतं.

सोनाबाईंनी हातातले फोक खाली ठेवले. साडी झटकली. माझ्याजवळून त्या उठल्या तेव्हा त्यांच्या अंगाला शिंदीचा ओला वास येत होता.

"ऐकलंसा?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्यानं इचारलं व्हतं."

"ऐकलं," तातोबा म्हणाले.

"दोरी मागितली व्हती. मी म्हनलं न्हवतं का? माझं लेकरू दोरीबिगर चढायचं न्हाई."

तातोबांनी मान हलवली. सोनाबाईंनी असं काही म्हटलं नव्हतं, अडीच महिने त्या उलटंच म्हणत होत्या, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथं थांबून त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत काय होतं, ते मी चौदा वर्षांत ठरवू शकलेले नाही. क्षमा नव्हती, एवढं नक्की. मी तिथं आहे हे त्या विसरल्या होत्या आणि आत्ता आठवलं, इतकंच असेल कदाचित.

"एवढ्या बायांनी मला बोलून दावलं," त्या म्हणाल्या. "का तुझंच पोरगं बेफिकीर."

आणि त्या बाहेर पडल्या. समोरच्या दाराची कडी वाजली. "अगं शेवंता, बाहीर ये. आमच्या अंकुशनं इचारलं व्हतं. म्याडमला जाऊन इचारलं व्हतं त्यानं, दोरी द्या म्हणून." आतून कोणीतरी काहीतरी विचारलं. सोनाबाईंनी तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. मग पुढच्या दारात आवाज आला, मग त्याच्या पुढच्या. तिथं तो कापरा झाला आणि फुटला. बायकांचे आवाज त्याभोवती गोळा झाले. त्या रडत होत्या आणि रडत रडत तेच सांगत होत्या, त्यानं इचारलं व्हतं.

मी उठायला लागले.

"बसा," तातोबा म्हणाले. त्यांनी हलगी भिंतीच्या खुंटीला टांगली आणि ते माझ्यासमोर, बायको बसली होती त्या जागी, फोकांशेजारी बसले. "ती आता समदी गल्ली फिरून येईल. तवर बसा."

मी बसून राहिले.